सोलापुरात पुस्तक प्रकाशनात डिझाइनची इंटर्नशिप: आठ आठवड्यांत काय शिकून घ्यावं?

प्रश्न: शाईचं_बोट

नमस्कार. सोलापुरात उपयोजित कला शिकते, तिसरं वर्ष. कॉलेजच्या नियमाप्रमाणे उन्हाळ्यात आठ आठवड्यांची इंटर्नशिप करायची आहे आणि मला पुस्तकांचंच काम करायचंय. समोर दोन जागा आहेत. एक इथलीच, नवी पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. छोटं प्रकाशन आहे, खाली छपाई आणि वर डीटीपी. कवितासंग्रह, आत्मचरित्रं, संस्थांच्या स्मरणिका, स्थानिक इतिहास, अधूनमधून तेलुगू-कन्नड कामं. त्यांनी स्पष्ट सांगितलंय की आतल्या पानांचं काम जास्त असेल, मुखपृष्ठ मिळालं तर मिळेल. दुसरी जागा पुण्याच्या प्रकाशकाकडे: घरी बसून मुखपृष्ठं करायची, आठवड्याला दोन.

फोटोशॉप, इलस्ट्रेटर चांगलं येतं. पानांची मांडणी करायचं इनडिझाइन जेमतेम. युनिकोडमध्ये टाइप करते, युनिकोडआधीचं श्रीलिपी सॉफ्टवेअर कधी उघडलेलं नाही. विचारायचंय ते असं: कोणती जागा घ्यावी? जाण्याआधीच्या महिन्यात काय हाताखालून घालावं? आणि पोर्टफोलिओत काय असलं म्हणजे पुढे पुस्तकाचं काम देणारा माणूस मला गंभीरपणे घेईल?

उत्तर: जुळारी

इथलीच जागा घे. मुखपृष्ठ घरी बसून करण्याची संधी तुला पुढेही मिळत राहील. प्लेट (जिच्यावरून मजकूर छापला जातो तो पत्रा), घडी, कटिंग आणि बांधणी एका जिन्याच्या अंतरावर बघायला मिळणं मात्र दुर्मीळ आहे. पुण्यातसुद्धा बऱ्याच प्रकाशकांची छपाई दुसरीकडे होते, तिथल्या कार्यालयात बसणाऱ्या मुलाला मशीन दिसतही नाही. आणि वाचक पुस्तकाबरोबर जो वेळ घालवतो तो सगळा आतल्या पानांवर.

आधीच्या महिन्यात एकच काम कर, पण पूर्ण कर: एक अख्खं पुस्तक मांड. मजकूर मराठी विकिस्रोतावरून घे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं उलटलेली असली की हक्काचा प्रश्न येत नाही. आकार डेमी, म्हणजे कापून तयार झालेलं पुस्तक ५.५ × ८.५ इंच, मिलिमीटरमध्ये १३९.७ × २१५.९. समास, म्हणजे कडेच्या कोऱ्या जागा, सुरुवातीला असे धर: आतला २० मिमी, बाहेरचा १६, वरचा १८, खालचा २२. आतला समास मोठा हवा, कारण गोंद लावून बांधलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि ओळीची टोकं मधल्या खाचेत जातात. उरलेली मजकुराची रुंदी १०३.७ मिमी. उंची १७५.९ मिमी, म्हणजे सुमारे ४९८ पॉइंट. दोन ओळींतलं अंतर १७ पॉइंट ठेवलंस तर पानात २९ ओळी बसतात.

आता यातून पानांचा अंदाज काढायला शीक. प्रकाशक पहिल्याच दिवशी हाच प्रश्न विचारतो. १२ ते १२.५ पॉइंटच्या अक्षरात एका ओळीत साधारण नऊ शब्द येतात. संवाद, परिच्छेदांच्या अर्ध्या ओळी, प्रकरणाच्या सुरुवातीची मोकळी जागा धरली की पानाला सरासरी २४० शब्द पडतात. ४२,००० शब्दांची संहिता म्हणजे १७५ पानं. त्यात अर्धशीर्षक, शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका, मनोगत मिळून दहा. एकूण १८५. पुस्तक १६ पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकाच कागदावर दोन्ही बाजूंना छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यात, छापलं जातं, म्हणून १९२ पानं, म्हणजे १२ फॉर्म. सात पानं हातात राहतात, ती प्रकरणं उजव्या पानावर सुरू करण्यात खर्ची पडतील.

उलट १९४ पानं झाली तर? दोन पानांसाठी आणखी अर्धा फॉर्म, प्लेटा, कागद, घडी. अशा वेळी अक्षर लहान करायचं नाही. खालचा समास २२ ऐवजी १८ मिमी केला की तिसावी ओळ बसते आणि दोनशे पानांमागे सहा-सात पानं वाचतात. हा हिशोब कागदावर मांडून दाखवणारी विद्यार्थिनी प्रकाशकाला लगेच उपयोगाची वाटते.

इनडिझाइनमध्ये सगळ्यात आधी वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर (अक्षरं आणि ओळी जुळवणारी सेटिंग) निवड. नेहमीचा कंपोझर राहिला तर पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते, रफार सुटतो, जोडाक्षरं फुटतात. हे मूळ पॅरेग्राफ स्टाइलमध्येच ठरव, नाहीतर नवी फ्रेम घेतलीस की पुन्हा तेच. दुसरं, अक्षरांमधलं अंतर शून्य. किमान, अपेक्षित, कमाल, तिन्ही शून्य. रोमन लिपीत ओळ भरायला अक्षरं जरा सैल करतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. सैल करायचं ते शब्दांमधलं अंतर: किमान ८०, अपेक्षित १००, कमाल १४० टक्के. मराठीत ओळीच्या शेवटी शब्द तोडायची पद्धत रूढ नाही, त्यामुळे अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ धरल्या की शब्दांमध्ये भगदाडं पडतात. स्मरणिकेत दोन स्तंभ आले तर डावी कडा सरळ आणि उजवी मोकळी सोड. संपादक कुरकुरतील, त्यांना दोन्ही नमुने छापून दाखव.

स्टाइल्स मोजक्याच ठेव: मजकूर, पहिला परिच्छेद, प्रकरणाचं नाव, उतारा, कविता, तळटीप, वरची ओळ (पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं किंवा प्रकरणाचं नाव). हाताने केलेला एकही बदल राहता कामा नये. दुसऱ्या मुद्रितानंतर (मुद्रित म्हणजे तपासायला काढलेली प्रत) लेखक म्हणतात, "अक्षर थोडं मोठं करा." स्टाइल्स नीट असतील तर ते पाच मिनिटांचं काम, नसतील तर पूर्ण पुस्तक पुन्हा.

उत्तर: कानामात्रा

वरच्याला जोडून फाँटबद्दल. सोलापूरसारख्या ठिकाणी इंटर्नचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

लेखक मजकूर तीन प्रकारे देतात: हाताने लिहिलेला, मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला, आणि जुन्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये करून घेतलेला. तिसरा प्रकार तुझ्या संगणकावर उघडला की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. या फाँटांमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले आहेत, फाँट नसला की मूळ रोमन चिन्हं दिसतात. परिवर्तक वापरून युनिकोड करता येतं, पण आधी नेमका कोणता फाँट आहे ते शोध. एकाच कंपनीच्या दोन मालिकांचे संकेतही वेगळे असू शकतात.

परिवर्तनानंतर ज्या चुका हमखास उरतात त्या अशा. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम येतो. "दु:ख"मध्ये विसर्ग आहे की दोन टिंबांचं विरामचिन्ह आहे हे डोळ्याला कळत नाही, म्हणून दोन देवनागरी अक्षरांच्या मधे आलेला अपूर्णविराम ग्रेपने (इनडिझाइनमधल्या नमुना देऊन शोधायच्या सोयीने) शोध आणि विसर्ग घाल. "तऱ्हा", "कैऱ्या", "दुसऱ्या" यांतला आडवा र कधी रफार होतो, कधी गळतो. तो दोन पद्धतींनी टाइप होतो: साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह, किंवा नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दिसायला सारखे, पण शोधताना वेगळे. दुसरी पद्धत टिकाऊ, कारण अदृश्य चिन्ह कॉपी करताना गळतं. पूर्ण पुस्तकात एकच ठेव. तसंच "ॲ": काहीजण अ वर चंद्र देतात, काहीजण स्वतंत्र अक्षर वापरतात. स्वतंत्र अक्षर धर आणि बाकी सगळे बदलून घे. मग दुहेरी स्पेस, विरामचिन्हाआधीची स्पेस, सरळ अवतरणचिन्हं, आणि कुठे मराठी कुठे इंग्रजी अंक. हे सगळं मजकूर पानात ओतण्याआधी करायचं.

फाँट निवडताना नमुन्याला "कमल नमन कर" घेऊ नकोस, ते कुठल्याही फाँटमध्ये छान दिसतं. हे शब्द टाकून बघ: वाङ्मय, उद्ध्वस्त, राष्ट्रीय, शीर्षकांतर्गत, ऱ्हस्व, हृदय, द्वंद्व, कर्मेंद्रिय, ट्रॅक्टर, श्रृंगार आणि शृंगार दोन्ही, ॲप, ऑक्टोबर. एका ओळीत खाली उकार असलेलं जोडाक्षर आणि त्याच्या बरोबर खालच्या ओळीत रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र आले की टक्कर होते का ते छापून बघ. पडद्यावर ही टक्कर लहान वाटते, कागदावर काळा डाग दिसतो.

मोफत आणि परवान्याने निर्धास्त वापरता येण्यासारखे: मजकुरासाठी शोभिका, यशोमुद्रा, तिरो देवनागरी मराठी, नोटो सेरिफ. शीर्षकांसाठी मुक्ता, बालू. तिरोची मराठी आणि हिंदी अशी वेगळी रूपं आहेत, मराठीच घे. बाकी फाँटांत मजकुराची भाषा मराठी ठेवलीस तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, अर्थात फाँटमध्ये ती रूपं असतील तर. २००९ च्या शासन निर्णयातही मराठी वळणाचाच ल आणि श आहे, शाळेची किंवा सरकारी अनुदानाची पुस्तकं करताना हे विचारलं जातं.

आणि दोन गोष्टी अजिबात नकोत. देवनागरीला तिरपं करू नकोस. जोर द्यायचा तर ठळक किंवा एकेरी अवतरण. आणि अक्षराला बाहेरून रेघ देऊन जाड करू नकोस. कानामात्रा एकमेकांवर चढलेल्या असतात, रेघ दिली की ते जोड उघडे पडतात.

श्रीलिपी शिकावं का? हो, दोन दिवस. जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणात पेजमेकर या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली निघतात आणि त्या उघडता येणारी व्यक्ती लागते. पण नवं पुस्तक युनिकोडमध्येच कर, नाहीतर ई-पुस्तक काढताना पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडचा एक उत्तम धडा: सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाची जीवराज जैन ग्रंथमाला. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली निघालेले खंड मिळाले तर पट्टी घेऊन बस. मूळ गाथा, भाषांतर, पाठभेद, तळटीप एकाच पानावर असताना अक्षरांचे आकार किती वापरलेत, मधली जागा किती, हे मोजून वहीत उतरव. पंढरपूर-अक्कलकोटच्या पोथ्याही बघ. वयस्कर वाचक, मांडीवर किंवा चौरंगावर ठेवून वाचन, म्हणून १६-१८ पॉइंटचं अक्षर आणि ओळींत भरपूर हवा. वाचणारा कुठे बसून वाचतो यावरून पान कसं ठरतं हे त्यातून दिसतं.

उत्तर: फॉर्म_सोळा

खालच्या मजल्याबद्दल, म्हणजे छपाईबद्दल, मी सांगतो.

पहिल्या आठवड्यात एक कोरा कागद घे, तीनदा घडी घाल, न कापता कोपरे उचलून १ ते १६ आकडे लिही आणि उघड. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ आणि दुसऱ्या बाजूला उरलेले आठ, काही उलटे. प्लेट अशी लागते. हे एकदा हाताने केलं की "फोटो फक्त याच पानावर रंगीत हवा" म्हणणाऱ्या लेखकाला तू सांगू शकशील की त्या एका पानासाठी ती पूर्ण बाजू चार रंगांत जाईल, आणि त्यापेक्षा सगळे रंगीत फोटो त्या बाजूच्या पानांवर घ्या किंवा वेगळ्या आर्ट पेपरवर आठ पानं मधे घाला.

डेमी पुस्तकाचा कागद २३ × ३६ इंच. अर्धा कापला की १८ × २३, त्यावर एका बाजूला आठ, दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं. १९२ पानी पुस्तकाच्या १००० प्रतींना पूर्ण आकाराचे ६००० ताव, म्हणजे १२ रीम (एक रीम ५०० तावांचं), वर वाया जाणारा पाच टक्क्यांच्या आसपास. ७० जीएसएमचं (चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं) एक रीम सुमारे १८.७ किलो भरतं. एकरंगी काम असेल तर १२ फॉर्मना २४ प्लेटा. हे आकडे पाठ असले की दरपत्रक वाचता येतं.

कागदाचे तंतू कोणत्या दिशेला आहेत हे विचारायची सवय लाव. तंतू पुस्तकाच्या कण्याला, म्हणजे बांधणीच्या कडेला, समांतर हवेत. डेमीत पानाची उंची ३६ इंचाच्या बाजूने येते, म्हणून पूर्ण तावात तंतू ३६ च्या दिशेने हवेत. तेच उलटं झालं तर पुस्तक उघडं राहत नाही, पानं ताठ उभी राहतात आणि कण्याजवळ लाटा येतात. मुखपृष्ठाच्या कार्डालाही हाच नियम. चुकीच्या दिशेचं कार्ड लॅमिनेशननंतर वळतं आणि टेबलावर ठेवलेलं पुस्तक आपोआप उघडतं. ओळखायला सोपं: कागदाची दोन दिशांना हलकी घडी घाल, जी घडी कमी विरोधाने पडते तिला समांतर तंतू.

तू एप्रिल-मेमध्ये येणार. सोलापुरात तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी. उघडं पडलेलं रीम कडेने ओलावा सोडतं, कडा आखडतात, रंग एकमेकांवर बसत नाहीत, ताव एकमेकांना चिकटून मशीनमध्ये दोन-दोन जातात. म्हणून वेष्टन छपाईच्या वेळीच फोडतात. बहुरंगी मुखपृष्ठात बारीक अक्षरं चार रंगांतून कोरून पांढरी ठेवली असतील तर अर्ध्या केसाच्या फरकानेही ती भरून जातात. अशी अक्षरं नऊ-दहा पॉइंटच्या खाली नेऊ नकोस, आणि मागची गडद छटा शक्य तर एकाच रंगाची ठेव.

फाइल देताना. आतला मजकूर फक्त काळ्या शाईत शंभर टक्के. वर्डमधून आलेला काळा बहुतेकदा आरजीबी असतो, रूपांतरानंतर चारही रंगांत विभागला जातो आणि एकरंगी प्लेटवर करडा उतरतो. पीडीएफ काढल्यावर ॲक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघड, काळा बंद कर. पान कोरं दिसायला हवं. फोटो ग्रेस्केल, वापरायच्या आकारात ३०० पीपीआय. मजकुराच्या पूर्ण रुंदीचा फोटो १०४ मिमी, म्हणजे किमान १२३० पिक्सेल. रेखाचित्रं १२०० पीपीआय बिटमॅप. आत्मचरित्रातले जुने फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की दाबले जातात, "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं लेखकाला सांग, किंवा मूळ फोटो मागवून स्वतः स्कॅन कर. मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकांच्या साध्या कागदावर, शाई पसरते, म्हणून सगळ्यात गडद भाग ९० टक्क्यांवर आणि सगळ्यात उजळ ५ वर आण, नाहीतर काळ्या केसांचा गोळा होतो आणि पांढरी टोपी कागदात विरून जाते.

कणा: पानांची संख्या भागिले दोन, गुणिले एका कागदाची जाडी. ७० जीएसएम मॅपलिथो सुमारे ०.०९ मिमी. १९२ पानांना ९६ × ०.०९ म्हणजे ८.६, अधिक ३०० जीएसएम कार्डाचे दोन थर ०.६. साधारण ९.२ मिमी. पण कागद बदलला की हे बदलतं, फुगीर बुक-प्रिंट कागदात तेच पुस्तक दोन-तीन मिलिमीटरने जाड होतं. म्हणून शेवटचा आकडा घेण्याआधी त्याच कागदाची कोरी प्रत बांधून मागायची. पूर्ण मुखपृष्ठ २८८.६ × २१५.९, चारही बाजूंना ३ मिमी जास्तीचं धरून २९४.६ × २२१.९. कण्याला वेगळा रंग आणि त्याची धारदार सीमा देऊ नकोस. एक मिलिमीटर सरकलं की पट्टी दर्शनी पानावर दिसते. रंग मलपृष्ठावरून कण्यावर सलग येऊ दे. कण्याशेजारी सहा मिमीवर घडीची रेघ पडते, तिथे अक्षर नको. कण्याच्या आतल्या बाजूला शाई नको, गोंद धरत नाही.

मुखपृष्ठ छापून त्याच संध्याकाळी लॅमिनेशनला पाठवायची घाई करू देऊ नकोस. शाई ओली असली की फिल्मखाली चंदेरी ठिपके येतात. आणि मॅट लॅमिनेशनमध्ये काळं-निळं मुखपृष्ठ देखणं दिसतं, पण गठ्ठा बांधताना पडलेला प्रत्येक ओरखडा त्यावर उठतो.

उत्तर: खूणचिठ्ठी

जुळारींच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. मुखपृष्ठाचं काम दुय्यम नाही, आणि ते कधीही मिळेल असंही नाही. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी यांची मुखपृष्ठं शेजारी ठेवून पाहिली की लक्षात येतं, प्रत्येकाने संहितेला वेगळं उत्तर दिलंय. हे शिकायला संहिता वाचावी लागते. आठवड्याला दोन मुखपृष्ठं म्हणजे संहिता न वाचता सारांशावर काम. माझ्या मते पुण्याची जागा नाकारायचं खरं कारण हा वेग आहे. त्यांना विचारून बघ: दोन महिन्यांत तीनच मुखपृष्ठं, पण पूर्ण संहिता वाचून, चालेल का? चालत असेल तर इथलं काम करता करता संध्याकाळी तेही जमेल.

मुखपृष्ठ दाखवताना तीन कच्चे पर्याय ने, त्याहून जास्त नको. प्रत्यक्ष आकारात छापून, जुन्या पुस्तकाला गुंडाळून. आणि अंगठ्याच्या नखाएवढं करूनही, कारण ऑनलाइन दुकानात तेवढंच दिसतं. लेखकाचं नाव त्या आकारात वाचता आलं पाहिजे.

मलपृष्ठावर बारकोडची जागा आधीच सोड. पूर्ण आकार ३७.२९ × २५.९३ मिमी, ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. काळ्या रेघा पांढऱ्यावर, फक्त काळ्या शाईत, दोन्ही बाजूंना मोकळी जागा. लाल रेघा स्कॅनरला दिसत नाहीत. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, पण कागदी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळा क्रमांक. हा अर्ज इंटर्नकडून भरून घेतात, तेव्हा पानं, आकार, किंमत पक्की झाल्याशिवाय बसू नकोस.

मुद्रितांची शिस्त. पहिल्या मुद्रितात मजकुराचे बदल, दुसऱ्यात फक्त चुका, तिसऱ्यात पानांचे आकडे, अनुक्रमणिका, वरच्या ओळी. दुरुस्ती केली की मुद्रितावरच्या खुणेवर वेगळ्या रंगाने टिक कर, आणि त्या परिच्छेदाच्या शेवटापर्यंत ओळी सरकल्या का, पान सरकलं का ते बघ. एक शब्द वाढवल्याने चार पानांनंतर एकटी ओळ वर लटकते, ती इथेच सापडते. फाइलच्या नावात तारीख आणि मुद्रित क्रमांक घाल. "फायनल", "फायनल नवीन" अशी नावं ठेवलीस की छपाईला चुकीची फाइल जाणार.

रुजू होण्याआधी लेखी ठरव: वेळ, मानधन किंवा प्रवासखर्च, श्रेयपानावर "मांडणी" म्हणून तुझं नाव, पोर्टफोलिओत काम दाखवायची परवानगी, आणि मुखपृष्ठासाठी चित्र तुझं असेल तर हक्क कोणाकडे. स्वामित्वहक्क कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखीच लागतं आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही, चांगला प्रकाशक स्वतःच सांगतो.

शाईचं_बोट

सगळ्यांचे मनापासून आभार. इथली जागा घेतेय, पुण्याला तीन मुखपृष्ठांचं विचारते. दोन शंका. त्यांच्याकडे आत्ता एक तेलुगू-मराठी कवितासंग्रह आहे, सोलापूरच्या पूर्व भागातल्या कवींचा, डावीकडे तेलुगू, उजवीकडे मराठी. ओळी समोरासमोर कशा ठेवायच्या? आणि पोर्टफोलिओचं राहिलं.

उत्तर: कानामात्रा

तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, त्यामुळे त्या लिपीला खाली जास्त जागा लागते. अंतर आधी तेलुगूसाठी ठरव आणि तेच मराठीला लाव. दोन्ही पानं एकाच बेसलाइन ग्रिडवर (ओळी बसवायच्या समान आखणीवर), उदाहरणार्थ १९ पॉइंट. अक्षरांचे आकडे सारखे ठेवू नकोस, दिसणारा आकार सारखा कर: साध्या अक्षराची उंची दोन्हीकडे मोज, बहुधा एक लिपी अर्धा-एक पॉइंटने कमी-जास्त करावी लागेल. नोटो सेरिफच्या तेलुगू आणि देवनागरी जोडीने सुरुवात कर, जाडी जुळते. कवितेची लांब ओळ पानात मावली नाही तर दुमडलेला भाग आत सरकवून दुसऱ्या ओळीवर जाईल आणि समोरच्या पानावर तेवढी ओळ कोरी सोडावी लागेल. ते हाताने, कवितागणिक करायचं. कडवं पानाच्या शेवटी तुटणार असेल तर दोन्ही बाजूंना एकाच ठिकाणी तोड. तेलुगू मुद्रित तेलुगू वाचणाऱ्याकडूनच तपासून घे. कॉपी करताना तुटलेलं जोडाक्षर न वाचणाऱ्याला दिसत नाही.

उत्तर: जुळारी

खूणचिठ्ठींचा वेगाचा मुद्दा पटला, तीन मुखपृष्ठंच कर.

पोर्टफोलिओत एकच पुस्तक ठेव, पूर्ण. पानांचा अंदाज काढलेला कागद, ग्रिडचं पान, फाँटची तुलना त्या अवघड शब्दांसह, पहिल्या मुद्रिताचं एक खुणा केलेलं पान आणि त्याचंच शेवटचं रूप, कण्याचा हिशोब, मुखपृष्ठाचे तीन कच्चे पर्याय, आणि बांधलेली प्रत. प्रत हातात दे, पीडीएफ नंतर. कॉलेजच्या अहवालालाही हेच वापर, तासांची नोंद मात्र रोजच्या रोज वहीत करून आठवड्याला सही घेत जा.

आणि जाण्यापूर्वी त्यांना विचार की आठ आठवड्यांत कोणतं पुस्तक छपाईला जाणार आहे. दिवाळी अंकांची गर्दी पावसाळ्यात सुरू होते, त्याआधी एप्रिल-मेमध्ये एखादी संहिता पहिल्या मुद्रितापासून बांधणीपर्यंत जाऊ शकते. तो कवितासंग्रह असेल तर तोच माग.